आधी गाठ, मग सुरी

मर्ल फार्नम डावखुरा होता, आणि टिबेट्स कोव्हमध्ये ही गोष्ट ज्याला ठाऊक नसे त्याला ती एकदाच कळे. समोरचा माणूस उजव्या मुठीवर नजर ठेवून उभा राही आणि फटका यायचा दुसरीकडून. गावातल्या निदान अर्ध्या डझन जबड्यांनी ही माहिती स्वतःच्या अंगावर घेतली होती. एका रंगाऱ्याचे दात तर धक्क्याच्या फळ्यांत अडकून राहिले होते, आणि मुलं ते बघायला जात.

मूठ त्याला बापाकडून मिळाली होती. होलिस फार्नम शेवंडं, म्हणजे मोठाले समुद्री झिंगे, सापळ्यात पकडण्यात वाकबगार होता आणि पोरांना बडवण्यातही. मर्ल आणि क्लेटन ही त्याची दोन मुलं. दोघांना त्यानं गाठी शिकवल्या त्या दोराच्या टोकानं. गाठ चुकली की तोच दोर पाठीवर. मर्लची तर प्रत्येक गाठ चुकायची, कारण ती डाव्या हाताची, उलट फिरलेली असायची. होलिसनं त्याचा डावा हात पाठीशी बांधून पाहिला, चुलीवर धरून पाहिला. हात भाजला, पण सुधारला नाही. मर्लची गाठ शेवटपर्यंत उलटीच पडत राहिली. बंदरातला कुणीही अंधारात चाचपून सांगे, ही मर्लनं मारलेली आहे.

पण होलिससारख्या राक्षसानंही एक कायदा पाळला होता, आणि तो सगळ्या किनाऱ्याचा कायदा होता. प्रत्येकाचं सापळे टाकायचं पाणी ठरलेलं. वर तरंगणाऱ्या बोयाचा रंगही ठरलेला. दुसऱ्याचा बोया आपल्या पाण्यात दिसला, तर त्याच्या दांडीभोवती दोराच्या दोन अर्ध्या गाठी मारून निघून यायचं. बोलायचं नाही, भांडायचं नाही. गाठ बघणाऱ्याला कळतं, की बाबा, उचल आपलं आणि निघ. नाही उचललं तरच दोर कापायचा. "आधी गाठ, मग सुरी," होलिस म्हणे. "कुत्रंसुद्धा चावायच्या आधी गुरगुरतं. आपण काय कुत्र्याहून खालचे?" पोरांच्या पाठीवर वळ उमटवणाऱ्या माणसानं हे बोलावं, ही गंमतच म्हणायची.

होलिस मेल्यावर खडपाजवळचं, म्हणजे बुडत्या कातळाभोवतीचं, त्याचं पाणी कुणाचं यावरून दोघा भावांचं बिनसलं. थोरला म्हणून पाणी माझं, असं मर्लचं म्हणणं. बापाचे पिवळे-निळे बोये मला दिलेत म्हणून पाणी माझं, असं क्लेटनचं. एका सकाळी मर्ल खडपाशी गेला तर तिथं पिवळे-निळे बोये डुलत होते. गाठ मारायला किती वेळ लागतो? चहा ओतायला लागतो त्याहून कमी. पण मर्लच्या डोक्यात सणक गेली होती. त्यानं खिशातली घडीची सुरी काढली आणि एकामागून एक सगळे दोर कापले. सापळे तळाला गेले, बोये उघड्या समुद्राकडे वाहत गेले. भावाचा वर्षाचा घास त्यानं एका सकाळीत बुडवला, आणि वर शीळ घालत परतला.

क्लेटन धक्क्यावरच वाट बघत होता. पहिल्याच ठोशात त्यानं मर्लचा जबडा मोडला. मर्ल पडला तो मासळीच्या पिंपांशी, आणि त्याच्या हाताला पिंपाचं झाकण उचकटायची पहार लागली. ती फिरली. क्लेटनचा डोळा गेला. गेला म्हणजे दिसेनासा झाला असं नव्हे, फळीवर पडला. ज्यांनी ते पाहिलं त्यांना नंतर कित्येक दिवस जेवण गेलं नाही.

पोलीस आले तेव्हा धक्क्यावरचा प्रत्येक जण नेमका त्याच वेळी बुटाची नाडी बांधत होता. खुद्द क्लेटन म्हणाला, "घसरून पडलो." बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, हाही तिथला कायदाच. मग बोट घेऊन तो रॉकलंडला निघून गेला, तो पुन्हा गावात आला नाही. खडपाचं पाणी मर्लला मिळालं. शेवंडंही भरभरून मिळाली. देव अशा वेळी कुठं जातो कोण जाणे.

मर्लची बायको आर्लीन शाळेची बस चालवायची. नवऱ्याच्या मुठीचा तिला स्वतःला कधी प्रसाद मिळाला नव्हता, पण प्रसाद मिळालेल्यांची पोरं तिच्या बसमधून जात, आणि चढताना तिच्या तोंडाकडे बघत. पोटी मूल नाही, घरात बोलायला माणूस नाही. एक दिवस तिनं परस्पर ठरवलं आणि वर्षभर शिकायला येणाऱ्या एका परदेशी मुलीसाठी घर देऊ केलं. चौकशीला आलेल्या बाईंपुढे मर्ल इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीखाली दाबून बसला होता. बाई गेल्यावर आर्लीननं त्याला स्वयंपाकघरात उभं केलं.

"हे एक वर्ष हात उचलायचा नाही. कुणावरच नाही," ती म्हणाली. "उचललास, तर पोरीची बॅग भरेन तेव्हा माझीही भरेन."

मर्लनं हसण्यावारी नेऊन पाहिलं. ती हसली नाही. आर्लीन शब्दाची किती पक्की आहे हे त्याला लग्नापासून माहीत होतं. एकदा कॉफी सोडते म्हणाली होती, ती सोडलीच.

मुलगी आली ती किर्गिझस्तानातून, डोंगरातल्या गावातून. नाव बेगिमाय. समुद्र तिनं जन्मात पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं तो चाखला आणि तोंड वाकडं केलं. आर्लीनला ती 'एजे' म्हणायची आणि मर्लला 'बैके'. "मी काय सायकल आहे का, बाइक म्हणायला?" मर्लनं विचारलं. पोरगी ओठ दाबून हसली. त्याला नाव आवडलं होतं, म्हणून अर्थ विचारायचा राहून गेला.

तिच्या घरी घोडे होते. दोर दिसला की तिचे हात आपोआप तिकडे जात. मर्लच्या पडवीत दोरांचा जो गुंता वर्षानुवर्षं पडला होता, तो तिनं एका दुपारी सोडवून, गुंडाळून खुंट्यांना लावला. लोंबता दोर तिला बघवत नसे. भावाच्या घोडीचा पाय अशाच दोरात अडकून मोडला होता, आणि मग घोडीला मारून टाकावं लागलं होतं. मर्लला ही पोर मनापासून आवडायला लागली होती, आणि तो घाबरलाही होता, कारण आवडलेली माणसं त्याच्यापाशी टिकत नसत.

ऑक्टोबरात शाळेला सुट्टी लागली, तेव्हा आर्लीननं बेत काढला की पोरीला आपल्याच किनाऱ्यावरची शहरं दाखवायची. बेलफास्ट, रॉकलंड, बाथ, आणि शेवटी पोर्टलंड. मर्ल म्हणाला, बाकी सगळं ठीक, रॉकलंडला थांबायचं नाही. आर्लीन बरं म्हणाली. मेपलची पानं लाल झाली होती, रस्त्याकडेला भोपळ्यांचे ढीग लागले होते, आणि बेगिमाय खिडकीला नाक लावून बसली होती. पण पहिल्याच शहरात माशी शिंकली.

बेलफास्टला ते तळलेली मासळी खायला बसले होते. शेजारच्या टेबलावर एक प्यालेला आडदांड बसलेला. बेगिमायच्या बोलण्याची तो नक्कल करू लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. मग त्यानं तळलेल्या बटाट्याचा एक काप सॉसमध्ये बुडवून तिच्या केसांवर फेकली. मर्लच्या हातातला काटा वाकला. तो उठला. आर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. मर्ल त्या माणसाच्या खुर्चीपाशी इतका जवळ उभा राहिला, की त्या माणसाची नशा उतरत गेलेली सगळ्या खानावळीला दिसली. मग मर्ल वळला, बाहेर गेला आणि आपल्याच गाडीच्या पत्र्यावर त्यानं ठोसे घातले. एक, दोन, किती तरी. पत्रा आत गेला, बोटांची सालं निघाली, तरी तो थांबेना. रस्त्यावरच्या एका बाईनं पोराला उचलून पलीकडचा फुटपाथ धरला.

बेगिमाय काचेतून बघत होती. आर्लीन तिच्या केसांतला सॉस पुसत होती. "बैके घोड्यांना पण मारतात का?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे घोडे नाहीत."

"आमच्या गावात जो घोड्याला मारतो त्याला कुणी मुलगी देत नाही," बेगिमाय म्हणाली.

आर्लीन म्हणाली, "माझ्या बापाला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं."  नवऱ्यानं माणसावर हात उचलला नव्हता, पत्र्यावर उचलला होता. तो हिशेबात धरायचा की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी रॉकलंड ओलांडून जायचं होतं. पण बेगिमायला वळणांनी मळमळायला लागलं, आणि शहराच्या मधोमध तिला उलटी आली. पुढं नेणं शक्य नव्हतं. आर्लीननं गाडी बंदराशी लावली आणि पोरीला घेऊन तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात गेली. "तू गाडीतच बस," ती मर्लला म्हणाली. मर्ल बसलाही. पण माणसाला डोळे असतात. काचेतून धक्का दिसत होता, धक्क्यावर हिवाळ्यासाठी काढून रचलेले सापळे दिसत होते, आणि त्यांच्यावर बोयांचा ढीग. पिवळे, मधे निळा पट्टा. बापाचा रंग.

तो उतरला. का उतरला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. ढिगाशी जाऊन तो उभा राहिला. रंग नुकताच दिलेला होता, आणि पट्टे थोडे वाकडे गेले होते. एका डोळ्यानं पट्टा सरळ ओढणं अवघड जात असणार. ही गोष्ट मर्लला एवढ्या वर्षांत एकदाही सुचली नव्हती. तो त्या वाकड्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

म्हणूनच त्याला बेगिमाय आलेली कळली नाही. तोंड धुऊन तिला बरं वाटलं होतं, आणि एजेच्या आधीच ती बाहेर पडली होती. ढिगावरच्या एका बोयाचा दोर सुटून धक्क्यावर लोंबत होता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असा. तिनं तो उचलला आणि घोड्याचा दोर खुंटाला बांधावा तसा बोयाच्या दांडीभोवती नीट बांधून टाकला. दोन वेढे, दोन अर्ध्या गाठी. वर टोक ओढून घट्ट केलं.

मर्लची मान वळली तेव्हा काम झालं होतं. त्यानं गाठ पाहिली. "सोड ती," तो कुजबुजला. "आधी सोड."

तोवर क्लेटन शिडीवरून वर आलेला होता. छोट्या होडीतून वल्हवत तो धक्क्याला लागला होता, वल्हं हातातच होतं. डोळ्याच्या जागी शिवलेली कातडी. त्याला दिसला तो भाऊ, ज्यानं त्याचं सगळं नेलं, आणि भावापुढे आपला बोया, आणि बोयावर दोन गाठी. सगळं बळकावून, गाव सोडायला लावून, हा माणूस आता इथंही सांगायला आला, की उचल आपलं आणि निघ.

त्यानं आवाजही केला नाही. वल्हं फिरलं. एका डोळ्यामुळं अंतर चुकलं आणि पहिला घाव सापळ्यावर बसला, लाकडं फुटली. दुसरा मर्लच्या खांद्यात बसला. मर्ल गुडघ्यावर गेला आणि उठला. तिसरा कानशिलावर बसला, कान फाटला, रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. चौथ्या वेळी वल्हं वर गेलं तेव्हा बेगिमाय किंचाळत मधे घुसत होती. मर्लनं उजव्या हातानं तिला मागं ढकललं, आणि घाव त्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज पलीकडे जाळी दुरुस्त करत बसलेल्या तिघांनाही ऐकू गेला. तिघांनी पाठी फिरवल्या.

आर्लीन स्वच्छतागृहाच्या दारात येऊन उभी होती. ती पळत सुटली नाही. नवऱ्याचा डावा हात बघत होती ती. सबंध किनाऱ्याला ठाऊक असलेला तो हात कोटाच्या खिशात होता. पाचवा घाव बरगड्यांत बसला, मर्ल पिशवीसारखा वाकला, तरी हात खिशातच राहिला.

"बैके!" बेगिमाय ओरडत होती. "मी बांधली! मी बांधली ती!"

क्लेटन थांबला, तो पोरीचं ऐकून नव्हे, तर दम लागला म्हणून. वल्ह्यावर रेलून तो उभा राहिला, आणि मग त्यानं बोया उचलून चांगल्या डोळ्याजवळ नेला. गाठीवरून अंगठा फिरवला. दोघं एकाच बापाच्या एकाच दोराखाली गाठी शिकले होते.

"ही गाठ तुझी नाही," तो म्हणाला. "ही सुलटी आहे."

मर्ल रक्त थुंकला. "माझीच धर."

"पोरगी म्हणतेय तिनं बांधली. बोलला का नाहीस?"

"ती तेव्हा बांधायला हवी होती, क्लेट. खडपाशी. उशिरा पोचली असं समज."

क्लेटनच्या धडक्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि दुसरीकडची कातडी नुसतीच हलत होती. "बांधली असतीस तर उचलले असते रे मी," तो म्हणाला. "चार शिव्या घातल्या असत्या तुला, दोन दिवस बोललो नसतो. पण उचलले असते. बाबांचा कायदा होता तो."

एवढंच. एक डोळा, वर्षाचा घास, एक गाव आणि सख्खा भाऊ, सगळं दोन वेढ्यांवाचून गेलं होतं. मर्लला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यानं सांगायचं त्यानं आत्ता सांगितलं.

बेगिमाय हुंदके देत गाठ सोडायला पुढं झाली. क्लेटननं बोया मागं ओढला. "राहू दे ती," तो म्हणाला. मग विचारलं, "हा तुझा कोण? काय म्हणून हाक मारत होतीस?"

"बैके. आमच्यात थोरल्या भावाला म्हणतात."

"ह्याला?" क्लेटन म्हणाला. तो हसला की काय झालं ते कळलं नाही, पण तोंडातून आवाज निघाला. बोया काखेत मारून, वल्हं घेऊन तो शिडीवरून खाली उतरला. मागं वळून त्यानं पाहिलं नाही.

मर्लला गाडीत बसवायला आर्लीनला आणि बेगिमायला दोघींना लागावं लागलं. उजवा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता. डावा तो खिशातून काढायला तयार नव्हता. आर्लीननं गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली. मागं बेगिमाय तिच्या भाषेत पुटपुटत रडत होती, आपल्यामुळं झालं म्हणत होती. आर्लीन तिला म्हणाली, तुझ्यामुळं काही झालं नाही, हे तू जन्मायच्या आधीपासून चाललंय. मग तिचं लक्ष गेलं. मर्लच्या कोटाचा खिसा काळा पडला होता, आणि खालून सीटवर थेंब पडत होते. डाव्या बाजूला तर एकही घाव बसलेला नव्हता.

तिनं गाडी कडेला घेतली. "हात काढ," ती म्हणाली.

"राहू दे."

तिनं स्वतःच मनगट धरून बाहेर ओढला. मुठीत ती घडीची सुरी होती, खडपाशी दोर कापलेली. उघडी. आणि बोटं सुरीच्या दांड्यावर नव्हती, पात्यावर होती. तळहात हाडापर्यंत फाटला होता, तरी मूठ अजून आवळलेलीच होती. तिनं एकेक बोट सोडवलं.

"कधी उघडलीस?"

"पहिल्याच फटक्याला. आपोआप उघडली गं. अंगठ्याला सवय आहे." मर्लचे दात वाजत होते. "मग पात्यालाच धरलं. दांड्याला धरली असती तर बाहेर आली असती."

बेगिमायनं गळ्यातला रुमाल काढून पुढं केला. आर्लीननं तो त्याच्या तळहातावर गच्च बांधला. सुरीची घडी मिटून ती आपल्या पर्समध्ये टाकली, आणि थोडा वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसली. 

"वर्ष अजून संपलेलं नाही," ती शेवटी म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली.